विश्वाची कुजबुज आणि पृथ्वीवरचा गोंगाट

१७ ऑगस्ट २०१७. भारतात संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटे झाली होती. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते आणि त्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी नेमक्या त्या वेळी पृथ्वीवरून पुढे गेल्या. या लहरी टिपणारी लायगोची दोन यंत्रे अमेरिकेत आहेत. एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, दुसरे लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टनला. हॅनफर्डच्या यंत्रातली लहर संगणकाने लगेच ओळखली. लिव्हिंग्स्टनच्या बाबतीत मात्र तो गप्प राहिला.

लहर लिव्हिंग्स्टनलाही पोहोचली होती. खरे तर तिथे ती हॅनफर्डपेक्षा ठळक उमटली होती. पण ताऱ्यांची टक्कर होण्याच्या जेमतेम एक सेकंद आधी यंत्रातच एक जोरदार खरखर उमटली. संगणकाला शिकवलेला नियम साधा होता : नोंद खराब दिसली की ती विचारात घ्यायची नाही. त्याने नियम पाळला.

शास्त्रज्ञांनी आलेख स्वतः डोळ्यांखालून घातला, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. सुमारे शंभर सेकंद हळूहळू वर चढत गेलेली एक रेघ, आणि तिच्या शेवटाजवळ शाईचा डाग पडावा तशी खरखरीची उभी खूण. तो डाग वेगळा काढून, युरोपातील व्हर्गो यंत्राची नोंद जोडून, आकाशात नेमके कुठे पाहायचे याचा नकाशा जगभरच्या दुर्बिणींना मिळेपर्यंत सुमारे पाच तास गेले. त्यातला काही वेळ हा गोंगाट निस्तरण्यात गेला.

अशा घटनेत वेळ फार मोलाचा असतो, कारण टकरीनंतरचा प्रकाश झपाट्याने मावळतो. त्या दिवशी नशिबाने साथ दिली. एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत तो प्रकाश सापडला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. पुढे पुणे जिल्ह्यातल्याच खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्या ठिकाणाचा वेध घेतला. नकाशाला आणखी उशीर झाला असता, तर यातले बरेच काही हातचे गेले असते.

गेल्या दहा वर्षांत गुरुत्वीय लहरींच्या संशोधनात मशीन लर्निंगचा, म्हणजे यंत्राला उदाहरणांतून शिकवण्याच्या तंत्राचा, जो शिरकाव झाला त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. गोंगाट माणसापेक्षा लवकर ओळखायचा, शक्य असेल तिथे तो पुसायचा, आणि ते करताना खरी लहर मात्र पुसायची नाही.

बारामती ते इंदापूर, प्रोटॉनच्या हिशोबाने

ही लहर एवढी नाजूक का, हे समजण्यासाठी एक हिशोब करून पाहू. बारामती ते इंदापूर हे अंतर साधारण ५० किलोमीटर. गुरुत्वीय लहर जाताना अवकाशच किंचित ताणले आणि आकसले जाते, त्यामुळे हे अंतरही बदलते. किती? एकावर एकवीस शून्ये दिली की जी संख्या येते, त्या संख्येने या अंतराला भागायचे. उत्तर येते ते अणूच्या गाभ्यातील एका प्रोटॉनच्या रुंदीचा सुमारे तिसावा भाग! १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने पहिल्यांदा टिपलेली, दोन कृष्णविवरांच्या मिलनातून आलेली लहर याच ताकदीची होती.

लायगोच्या यंत्राची भुजा तर ५० नव्हे, ४ किलोमीटरचीच असते. काटकोनात दोन भुजा, आत निर्वात नळी आणि टोकाला काचेच्या धाग्यांवर टांगलेले ४० किलो वजनाचे आरसे. लेसरचा झोत दुभंगून दोन्ही भुजांत जातो आणि आरशांवरून परततो. दोन्ही भुजा जशाच्या तशा राहिल्या तर परतलेले झोत ठरल्याप्रमाणे जुळतात. लांबीत फरक पडला तर जुळणी बिघडते. त्या बिघाडातून लहर वाचायची.

अडचण अशी, की जुळणी बिघडवणाऱ्या गोष्टींची पृथ्वीवर कमतरता नाही. दूरच्या समुद्रातील लाटा किनाऱ्यावर आदळतात, त्याने जमीन सतत हलकेच हेलकावत असते. लिव्हिंग्स्टनजवळून मालगाडी गेली की आरशांना ते कळते. जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला तर लेसरची जुळणी पुरती सुटते आणि यंत्र पुन्हा मार्गावर आणायला वेळ लागतो. हॅनफर्डला तर काही काळ एक अनोळखी आवाज नोंदीत येत होता. शोध घेतल्यावर सापडले ते तहानलेले डोमकावळे. अतिथंड नायट्रोजनच्या नळीवर बाहेरून जमणाऱ्या बर्फावर ते चोच मारत होते, आणि ती टकटक यंत्रापर्यंत पोहोचत होती.

या सगळ्यावर नजर ठेवायला लायगोच्या प्रत्येक यंत्राभोवती पहारा असतो. जमिनीची हालचाल, हवेचा दाब, चुंबकीय क्षेत्र, विजेचा पुरवठा, लेसर आणि आरशांची स्थिती अशा नोंदींचे दोन लाखांहून अधिक प्रवाह सतत साठत राहतात. एवढ्या नोंदी रोज वाचणे माणसांच्या आवाक्यात नाही.

रिंगणातला ओळखीचा अभंग

मशीन लर्निंग येण्याआधी लहरी शोधल्या जातच होत्या. त्या कशा, हे या भागातील वाचकांना पालखीच्या उदाहरणाने चटकन कळेल. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते. बेलवाडीच्या रिंगणात टाळ, मृदंग, जयघोष, लाऊडस्पीकर आणि गाड्यांचे भोंगे एकाच वेळी कानावर पडतात. तरीही लांबच्या दिंडीत चाललेला अभंग ओळखीचा असेल, तर तुटक शब्दांवरूनही कान तो पकडतो, कारण चाल आधीच मनात असते.

गुरुत्वीय लहरींच्या शोधातही हेच केले जाते. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, तेव्हा निघणाऱ्या लहरीची 'चाल' आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून आधीच काढता येते. वेगवेगळ्या वजनांच्या जोड्यांसाठी अशा लाखो चाली संगणकात साठवायच्या आणि येणारी नोंद त्यांच्याशी ताडून पाहायची. या पद्धतीचा पाया घालणाऱ्या महत्त्वाच्या कामांपैकी एक पुण्यात झाले. आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, म्हणजे पहिली लहर सापडण्याच्या जवळपास पाव शतक आधी, कोणत्या चाली किती अंतराने साठवाव्यात याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

पण रिंगणात कुणी अचानक फटाका वाजवला तर? तो एक क्षण मृदंगाच्या थापेसारखाच वाटतो. लायगोच्या नोंदीतही असे फटाके वाजतात. त्यांना 'ग्लिच' म्हणतात. काही ग्लिच सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात उमटून जातात. नेमक्या जड कृष्णविवरांच्या लहरीही इतक्याच छोट्या असतात. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी टिपलेल्या टकरीतून सूर्याच्या सुमारे २२५ पट वजनाचे कृष्णविवर तयार झाले आणि तिचा संकेत टिकला जेमतेम एक दशांश सेकंद. इतक्या छोट्या संकेतात चाल ताडून पाहायला पुरेशी जागाच नसते. फटाका कोणता आणि थाप कोणती, हे इथे आकारावरून ओळखावे लागते.

हजार नमुने पाहिलेला डोळा

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द बारामती-इंदापूर पट्ट्यात आता ऊस शेतीतून घरोघरी पोहोचला आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने हाती घेतलेल्या प्रयोगात उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्राच्या नोंदी आणि जमिनीतील सेन्सरची माहिती एकत्र वाचून शेतकऱ्याला सल्ला दिला जातो. यंत्राला शिकवण्याचे तत्त्व लायगोतही तेच आहे. नियम पाठ करून घेण्याऐवजी हजारो उदाहरणे दाखवायची आणि त्यांतला सारखेपणा यंत्राला स्वतः शोधू द्यायचा. जुना जाणकार शेतकरी पानाचा रंग पाहून रोग सांगतो, तेव्हा त्यानेही वर्षानुवर्षे पाहिलेली पानेच कामी येत असतात.

अडचण उदाहरणे जमवण्याची होती. त्यासाठी २०१६ मध्ये 'ग्रॅव्हिटी स्पाय' हा प्रकल्प सुरू झाला. ग्लिचचे आलेख चित्रांच्या रूपात इंटरनेटवर ठेवले गेले आणि जगभरातील हौशी लोकांनी त्यांची वर्गवारी केली. माशासारखा दिसतो तो 'कोई फिश', शिटीसारखा चढतो-उतरतो तो 'व्हिसल', टिंबासारखा तो 'ब्लिप'. माणसांनी लावलेल्या या नावांवर संगणक शिकला आणि संगणकाला न जमलेली चित्रे पुन्हा माणसांकडे गेली. काही नवे प्रकार तर या हौशी मंडळींनीच पहिल्यांदा ओळखले.

याच सुमारास पुण्यातही हे काम चालू होते. आयुकातील निखिल मुकुंद, संजित मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधील संशोधकांसोबत २०१७ मध्ये ग्लिचची आपोआप वर्गवारी करणारी पद्धत प्रसिद्ध केली. पुढे आयुकाच्याच संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने जड कृष्णविवरांचे छोटे संकेत आणि त्यांच्यासारखे भासणारे ग्लिच वेगळे करणारे जाळे तयार केले. फटाका आणि थाप यांतला फरक ओळखायचा, तो प्रश्न हाच.

साक्षीदाराची जबानी

ओळखणे ही पहिली पायरी झाली. पुसणे त्याहून अवघड. विहिरीवरची मोटर चालू असताना फोनवर कुणाचे बोलणे रेकॉर्ड केले, तर त्यात मोटरीची घरघर येणारच. पण त्याच वेळी दुसरा फोन मोटरीजवळ ठेवला असेल, तर त्यात फक्त घरघर असेल. दोन्ही रेकॉर्डिंग ताडून पहिल्यातली घरघर वजा करता येते आणि बोलणे शिल्लक राहते. लायगोतले हजारो सेन्सर या दुसऱ्या फोनचे काम करतात. शास्त्रज्ञ त्यांना साक्षीदारच म्हणतात.

प्रत्यक्षात वजाबाकी एवढी सरळ नसते. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तने पूर्ण करते, त्यामुळे ६० हर्ट्झला एक कायमची घरघर नोंदीत येते. आरसे मंद डुलत असतात. ही घरघर आणि ते डुलणे एकमेकांत मिसळले, की ६०च्या दोन्ही बाजूंना नवे आवाज तयार होतात. एकट्या साक्षीदाराच्या जबानीत ते सापडत नाहीत; दोघांच्या जबान्या एकमेकांशी जुळवल्या तरच कळतात. हे जुळवण्यासाठी २०२० मध्ये 'डीपक्लीन' ही पद्धत मांडली गेली. साक्षीदारांच्या नोंदींवरून मुख्य नोंदीत किती गोंगाट आला असेल याचा अंदाज करायला न्यूरल नेटवर्क शिकते, आणि तेवढाच भाग वजा केला जातो.

त्याहीपुढचे पाऊल सप्टेंबर २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गोंगाट नंतर पुसण्याऐवजी तो तयारच होऊ द्यायचा नाही, अशी ही कल्पना. आरसे जागेवर राहावेत म्हणून यंत्र त्यांना सतत बारीक धक्के देत सावरत असते. नवशिका सायकलस्वार तोल जाऊ नये म्हणून हँडल इतके घट्ट धरतो, की त्यानेच सायकल थरथरते. आरशांचेही तसेच होते. सावरणारे धक्के स्वतःच गोंगाट बनतात. गुगल डीपमाइंड, लायगोचे कॅल्टेकमधील शास्त्रज्ञ आणि इटलीतील ग्रान सासो संस्था यांनी संगणकाला हे सावरणे नव्याने शिकवले. लिव्हिंग्स्टनच्या यंत्रावर चाचणी झाली तेव्हा १० ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात या सावरण्याचा गोंगाट तीस पटींनी, काही ठिकाणी तर शंभर पटींपर्यंत कमी झाला. जड कृष्णविवरांचा आवाज याच खालच्या पट्टीत असतो.

पुसताना काय पुसले जाते?

इथे शंका यायलाच हवी. फोनमधला फोटो 'सुंदर' करणारे ॲप चेहऱ्यावरचा तीळही पुसते. मग गोंगाट पुसणारे यंत्र एखादी खरी लहर पुसणार नाही कशावरून? किंवा उलट, नसलेली लहर कोरून दाखवणार नाही कशावरून?

ही शंका शास्त्रज्ञांनी पहिल्यापासून गांभीर्याने घेतली आहे. म्हणूनच साक्षीदार निवडताना पहिली अट अशी, की त्या सेन्सरला गुरुत्वीय लहर जाणवता कामा नये. ज्याने बोलणे ऐकलेच नाही, त्याच्या जबानीवरून बोलणे पुसले जाण्याची भीती कमी असते. दुसरी खबरदारी म्हणजे मुद्दाम लावलेली परीक्षा. नोंदीत एक कृत्रिम लहर मिसळायची, सफाई करायची आणि ती लहर जशीच्या तशी बाहेर येते का ते पाहायचे. तिसरी आणि सर्वांत जुनी खबरदारी म्हणजे दुसरे यंत्र. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनमध्ये सुमारे ३००० किलोमीटरचे अंतर आहे. एकाच मालगाडीचा धक्का दोन्हीकडे बसू शकत नाही. अवकाशातून आलेली लहर मात्र दोन्हीकडे, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत उमटते.

एवढे करूनही मर्यादा उरतातच. ब्लिपसारख्या अनेक ग्लिचना साक्षीदारच सापडत नाही. ते का येतात हे कळलेले नाही, त्यामुळे वजा करायला हाताशी काही नसते. त्यांना ओळखून बाजूला ठेवणे एवढेच शक्य होते. शिवाय शिकलेले यंत्र उत्तर देते, पण ते कसे काढले हे सांगत नाही. म्हणून महत्त्वाच्या घटनेची घोषणा होण्यापूर्वी आजही माणसे नोंदी तपासतात. आजवर अशा सुमारे ३०० घटनांची नोंद झाली आहे.

हिंगोलीचा आवाज वेगळा असेल

हा सगळा विषय महाराष्ट्राच्या अंगणात येऊन ठेपला आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे यंत्र उभे राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका या प्रकल्पातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे. पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक यंत्र आले की आकाशातील ठिकाण खूप नेमकेपणाने सांगता येईल. २०१७ सारख्या प्रसंगी दुर्बिणींना अधिक छोट्या भागात शोध घ्यावा लागेल.

पण लिव्हिंग्स्टनच्या मालगाड्या आणि हॅनफर्डच्या डोमकावळ्यांवर शिकलेले यंत्र औंढ्यात आणून बसवले, म्हणजे काम झाले असे होणार नाही. भारतात विजेची घरघर ६० नव्हे, ५० हर्ट्झला असते. मराठवाड्यात मोसमी पाऊस आणि विजांचा कडकडाट आहे, शेतात मोटरी आणि ट्रॅक्टर आहेत, रब्बीत रात्री-अपरात्री पाणी देणे आहे. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे ठिकाण. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. हिंगोली परिसराला २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत भूकंपाचे धक्के बसले, तेही विसरून चालणार नाही. यातला प्रत्येक आवाज यंत्रापर्यंत किती पोहोचेल हे मोजूनच कळेल, आणि त्यावर शिकणारे यंत्र त्या नोंदींवरच शिकेल. ऊस शेतीतही हेच खरे आहे. ब्राझीलच्या उसावर शिकलेले यंत्र नीरा डाव्या कालव्यावरच्या उसाला जसेच्या तसे लागू पडेल, असे कुणी शेतकरी मानणार नाही.

त्यामुळे औंढ्याच्या यंत्राला पहिली लहर दिसण्याआधी बराच काळ, तिथल्या गोंगाटाची ओळखपाळख करून घेण्यात जाईल. त्यासाठी भौतिकशास्त्राइतकीच संगणकाची आणि आकडेवारीची जाण असलेली तरुण मंडळी लागतील. हे शिकायला औंढ्याचे यंत्र सुरू होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. लायगोच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुल्या आहेत, ग्रॅव्हिटी स्पायमध्ये कुणालाही सहभागी होता येते, आणि त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअरही विनामूल्य मिळतात. बारामती किंवा इंदापूरच्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थिनीला उसाच्या सेन्सरची आकडेवारी हाताळता येत असेल, तर १७ ऑगस्ट २०१७ची लिव्हिंग्स्टनची नोंद उतरवून घेऊन, ती चढती रेघ आणि तिच्यावरची खरखर तिला आजच्या आज स्वतःच्या संगणकावर पाहता येईल. ती खरखर वेगळी काढण्याचा प्रयत्न हा या विषयातला चांगला पहिला धडा आहे.